नुसती सोबतीची चाकं

"जावईबापू, दोन चाकं ओढतात ती ढकलगाडी. चारही ओढतात ती गाडी!" लग्नाच्या भरल्या पंगतीत वुकोमानबाबा गरजले होते. त्याला वर्षं लोटली, तरी चाचाक शहरातल्या गाड्यांच्या शोरूममध्ये उभ्या नेनादच्या कानांत सासऱ्यांचा तो आवाज अजून घुमत होता.

"फोर-व्हील ड्राइव्ह कशाला हवी?" बायको दोब्रिला म्हणाली. "वर्षातून एकदा माझ्या माहेरी चढायचं आणि बारा महिने पेट्रोल जाळायचं? दोन चाकं ओढणारीच घे. हिच्या सीटा गरम होतात बघ."

नेनादने सीटा घेतल्या. फोनवर मात्र म्हणाला, "घेतली बाबा, तुम्ही म्हणालात तश्शीच."

डिसेंबरात सासरच्या कुळसंताचा, सेंट निकोलसचा सण आला आणि त्याच्या आदल्या रात्री बर्फ आलं. आलुबुखारांच्या बागांवर अलगद, रस्त्यावर मात्र अगदी ठरवून. पाद्रीबाबांनी सणाचा पाव मोडल्याशिवाय जेवण नाही. वुकोमानबाबांनी गावभर सांगितलं, "आज माझ्या जीपला सुट्टी. पाद्रीबाबांना आमचे जावई आणतील!"

खाली चर्चपाशी पाद्रीबाबा मानाने पुढे बसले, सासरे मागे. पहिल्याच चढणीला चाकं जागच्या जागी गरगरली.

"अहो, बटण दाबा ना फोर-व्हीलचं!"

नेनादकडे एकच बटण होतं. त्याने ते दाबलं. थोड्या वेळाने पाद्रीबाबांचा चेहरा उजळला. "लागली, लागली! खालून कसा जोर येतोय!"

तोवर गाडी हलकेच मागे घसरून कुंपणाला टेकली होती. ओढणारी चाकं पुढची; भार त्यांच्यावर यायला तीच उताराकडे हवीत. नेनादने गाडी वळवली आणि रिव्हर्समध्ये चढवायला घेतली.

"हे काय, उलटं?" सासरे म्हणाले.

"पाद्रीबाबांना दरी नीट दिसावी म्हणून."

"केवढा हा मान!" पाद्रीबाबा गहिवरले. पाठमोरी गाडी अंगणात शिरली तेव्हा शेजारीपाजारी बघतच राहिले.

मेणबत्ती लागली, पाव मोडला. पाद्रीबाबांनी पेला उचलला. "आज या डोंगरावर निम्म्या घरांत हाच सण. आणि देवाने गाडीही धाडली! जावईबापू, आता वरची वाडी, मग कड्यावरून खिंडीपलीकडे. निघायचं?"

नेनादच्या डोळ्यांसमोर तो कडा उभा राहिला. उलट्या गाडीतून तो कसा दिसेल तेही.

"पाद्रीबाबा," तो म्हणाला, "दोनच चाकं ओढतात हिची. बटण सीटचं होतं."

दोब्रिला ताटात बघू लागली. सगळे वुकोमानबाबांकडे वळले. सणाला यजमानाने बसायचं नसतं. दिवसभर उभं राहून पाहुण्यांना वाढायचं. वुकोमानबाबांनी हातातली बाटली टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि ते बसले.

"जावयाला बोलू नका, पाद्रीबाबा. माझ्या जीपचीही पुढची चाकं किती वर्षं नुसती सोबतीला फिरतायत. शेवटची चढण पायी चढलं की पुण्य लागतं, असं दरवर्षी तुम्हाला सांगत होतो ना... ते त्यामुळे."