प्लंकेटसाहेबांचा विनय

माणूस गाडीतून उतरून आमच्या ओसरीपर्यंत चालत येतो ना, तेवढ्यात त्याला कोणता घोडा द्यायचा हे माझं ठरलेलं असतं! उगाच फुशारकी मारत नाही. विकनबर्गच्या या वाळवंटात सुट्टीत घोड्यावर बसायला येणाऱ्यांसाठी रँच पुष्कळ आहेत. पण पाहुण्याची नि घोड्याची जोडी जमवावी तर ओपल स्टॉडर्डनंच, हे आमचे दुष्मनसुद्धा कबूल करतात. मी माणसांची लग्नं जुळवायला बसले असते, तर ॲरिझोनातले घटस्फोटाचे वकील उपाशी मेले असते!

माझं शास्त्र सोपं आहे. पाहुण्याला विचारायचं, "घोड्यावर बसता येतं का?" आणि तो जे सांगेल त्याच्या बरोबर उलटं धरायचं. "अहो, लहानपणापासून घोड्यावरच वाढलोय!" असं कुणी म्हणालं, की त्याच्या हाती आमच्या म्हाताऱ्या बिस्किटचा लगाम द्यायचा. बिस्किट चालता चालता झोपतो. आमच्याकडचा खरा स्वार कधी बढाई मारत नाही. तो बुटाच्या टोकाकडे बघत पुटपुटतो, "बसतो आपला थोडाफार." असं कुणी पुटपुटलं, की त्याला खुशाल तबेल्यातला सगळ्यात तिखट घोडा द्यावा.

पण यंदा माझ्याच पायाखालची वाळू सरकायला लागली होती. दर मार्चमध्ये शेजारच्या डेलबर्ट हॅगर्टीच्या रँचशी आमची वासरं कोंडायची शर्यत असते. तिघा स्वारांनी कळपातून पाठीवर आपला नंबर असलेली तीन वासरं वेगळी काढायची आणि मैदानाच्या टोकाला कोंडवाड्यात घालायची. तिघांत एक पाहुणा हवाच. आणि आम्ही वर्षानुवर्षं हरत होतो! शेवटी माझा थोरला भाऊ रॉयस म्हणाला, "ओपल, यंदा हरलो तर घोडे वाटायचं काम माझ्याकडे. तू स्वयंपाकघर बघ."

स्वयंपाकघर! मी! माझ्या हातचा पाव खाऊन एका पाहुण्याची दाढ हलली होती! आणि घोडे वाटायचं काम मला वडिलांनी दिलं होतं, रॉयसच्या डोळ्यांदेखत. ते गेलं असतं तर मी या घरात नुसतं खुर्च्या पुसायला उरले असते.

अशा वेळी वेंडल प्लंकेट आले. ओहायोत पियानो दुरुस्त करतात म्हणे. गाडीतून उतरले आणि माझा श्वासच अडकला! जन्म खोगिरावर काढल्यासारखे पाय असे फेंगडे, की मधून वासरू पळून जावं. टोपी उन्हानं विटलेली. तोंडातून शब्द नाही. मी विचारलं, "घोड्यावर बसता येतं का?"

"नाही हो, मॅडम. आयुष्यात कधी बसलो नाही. मला भीती वाटते."

मी बघतच राहिले. "थोडाफार" म्हणणारे पुष्कळ पाहिले होते, पण "आयुष्यात कधी नाही"? इतका विनय? हा माणूस कुठल्या पातळीचा स्वार असेल!

"रॉयस, देव पावला!" मी आत जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघताना प्लंकेटसाहेब घोड्यावर उजव्या बाजूनं चढायला लागले. रॉयसनं कपाळावर हात मारला.

"अगं, तो उलट्या बाजूनं चढतोय!"

"मुद्दाम! घोडा बिचकतो का ते बघतोय."

"आणि खोगिराची मूठ दोन्ही हातांनी धरलीय!"

"मजबुती तपासतोय. तुला काय कळतंय?"

त्यानंतर ते ओसरीवर खुर्ची टाकून बसले ते उठेचनात. पाठ दुखते, पोट दुखतं, ऊन लागतं, रोज नवीन कारण. मला काय ते समजलं. गडी शनिवारच्या शर्यतीसाठी ताकद राखून ठेवत होता!

शर्यतीत आमच्याकडून ते उतरणार, असं मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या हातातला चमचा राजम्याच्या वाटीत पडला. त्यांची बायको आयडा माझ्यामागे स्वयंपाकघरापर्यंत आली.

"मॅडम, ह्यांना खरंच जमत नाही हो. घरी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढले तरी डोळे मिटतात!"

मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "बाई, अशी बायको मिळायला भाग्य लागतं!"

नवऱ्याचं गुपित किती निष्ठेनं जपावं! माझे तर डोळे भरून आले.

शनिवारी मी त्यांना माझी रोझिटा दिली. या घोडीला मी कुणाला हातसुद्धा लावू देत नाही. गुरांच्या कामात तिच्यासारखी दुसरी नाही. लगाम सैल सोडला, की वासरू आता आपल्यावर सोपवलंय हे तिला कळतं. मग स्वारानं फक्त बसून राहायचं आणि मध्ये लुडबुड करायची नाही. भल्याभल्यांना ते जमत नाही. हात शिवशिवतात!

प्लंकेटसाहेबांना दोघांनी उचलून खोगिरावर ठेवलं. चेहरा पांढराफटक. पलीकडून डेलबर्ट हॅगर्टी ओरडला, "ओपल, तुझा पाहुणा आजारी आहे का गं?"

"पाच मिनिटांनी तू होशील!" मी म्हटलं.

झेंडा पडला. रोझिटा उडाली. साहेबांच्या हातून लगाम तिथल्या तिथे सुटला! दोन्ही हातांनी त्यांनी मूठ आवळली आणि पुतळ्यासारखे बसले. रोझिटानं मान खाली घातली. डावीकडे झेप, उजवीकडे झेप, पहिलं वासरू कळपातून बाहेर! दुसरं! तिसरं! मी नि रॉयस आपापल्या घोड्यांवर नुसते वाटेत आडवे उभे होतो. तिन्ही वासरं कोंडवाड्यात गेली तेव्हा डेलबर्टच्या लोकांना लागलेल्या वेळाच्या निम्मासुद्धा वेळ झाला नव्हता. लोक कुंपणावर चढून नाचायला लागले! मला वाटलं, वडील असते तर आज मला खांद्यावर घेऊन नाचले असते.

मी घोडा साहेबांच्या बाजूला नेला. "जिंकलात! उतरा आता."

साहेबांचे डोळे घट्ट मिटलेले होते. ओठ थरथरत होते. "मॅडम," ते म्हणाले, "अजून सुरू व्हायचंय ना? नका ना सुरू करू! पाया पडतो!"

मी त्यांचा हात धरून ओढला. बोटं मुठीवरून सुटेनात. एकेक बोट सोडवायला गेले, तर ते एवढ्यानं किंचाळले की रोझिटानं कान मागे टाकले. आत्ता कुठे मला कळलं, की हा माणूस आल्या दिवसापासून अक्षरन् अक्षर खरं बोलत होता! त्याची मान मोडली असती तर? आयडाला मी काय तोंड दाखवलं असतं?

"रॉयस," मी हळूच म्हटलं, "खोगिराचा पट्टा सोड. खोगिरासकटच उतरवावं लागेल."

आम्ही तसंच केलं. खोगीर आणि त्यावर डोळे मिटलेले साहेब, असं दोघांनी खांद्यावर उचललं. लोकांना वाटलं, विजयाची मिरवणूक निघाली! टोप्या हवेत उडाल्या, बँडवाल्यांनी बँड सुरू केला आणि आयडा रडत रडत पुढे चालली. बघणाऱ्या बायकाही आनंदानं रडल्या.

ओसरीवर कॉफीच्या वासानं साहेबांचे डोळे उघडले, मग बोटंही उघडली. डेलबर्ट हॅगर्टी हात मिळवायला आला.

"काय हो, लगाम असा सोडून द्यायचं धाडस कुठे शिकलात?"

"मी काहीच केलं नाही," साहेब म्हणाले. "मी डोळे मिटून बसलो होतो."

डेलबर्टनं टोपी काढून छातीशी धरली. त्याला एवढं भारावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला. "मानलं तुला, ओपल! असला माणूस ओळखलास कसा?"

सगळे बघत होते. रॉयससुद्धा. आयडाकडे नजर गेली नि मला खोटं बोलवेना. "मी कसली ओळखतेय," मी म्हटलं. "मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. साफ चुकले मी."

रॉयसनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी कठड्यावर आदळले.

"ऐकलंत?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "याला म्हणतात जाणकार! बाबांना तेव्हाच कळलं होतं. पोरी, तू आहेस तोवर इथले घोडे तूच वाटायचे."

पुन्हा टाळ्या पडल्या. मी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली आणि लाजले. लाजले ते मात्र अगदी खरं!