नाशिक ते मालेगाव, सा ते सा

आमच्या शेजारच्या सुमनमावशी बेस गिटारची जाड तार छेडतात आणि मोठ्याने ओरडतात, "नाशिक!" पुढचा स्वर वाजला की "ओझर!" मग पिंपळगाव, वडाळीभोई, चांदवड, उमराणे, सौंदाणे. शेवटच्या स्वरावर घसा साफ करून, "मालेगाव! चला, मालेगाववाले उतरून घ्या!"

सा रे ग म त्यांना येत नाही असं नाही. पण त्यांचं म्हणणं, "सा म्हटलं की मला काय दिसत नाय. नाशिक म्हटलं की स्टँड दिसतो."

सुमनमावशी लाल गाडीवर कंडक्टर होत्या. निवृत्त झाल्या तरी गाडी त्यांच्या अंगातून उतरलेली नाही. स्वयंपाकघरातही त्या दोन पाय फाकवून, कंबर ओट्याला टेकवून उभ्या राहतात, जणू पुढे वळण आहे. सिडकोतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात चार माणसं जमली की त्यांच्या तोंडून आपोआप निघतं, "पुढं सरका, पुढं लय जागा हाय." एकदा शेजारी मयत झाली होती, तिथेही म्हणाल्या. लोक सरकलेसुद्धा.

बेस गिटार त्यांच्या आयुष्यात माझ्यामुळे आली. आमचं एक कलापथक आहे. मोर्चे, सभा, वस्तीतले कार्यक्रम, जिथे बोलावतील तिथे आम्ही गातो. तालीम माझ्या घरी. ज्या घरात मी वाचायला शिकले तीच मुळी पत्रकांतल्या 'कामगार बंधूंनो' या शब्दांवर, त्या घरात तालमीला जागा नाही असं म्हणायची कोणाची टाप नव्हती. इमारतीतले बाकीचे मात्र ढोलकीच्या तक्रारी घेऊन यायचे. सुमनमावशीही एकदा आल्या. मी भांडायच्या तयारीत दार उघडलं.

"ढोलकीचं मरू दे," त्या म्हणाल्या. "ते मागून घुर्र घुर्र वाजतंय ते काय हाय?"

ते म्हणजे आमच्या जोएलची बेस गिटार. मावशी आत आल्या, जोएलच्या समोर मांडी घालून बसल्या, स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "हे याच्यापेक्षा खाली जातं का?"

जोएलने सगळ्यात जाड तार मोकळी छेडली. माझ्या कपाटाची काच थरथरली. मावशींचा चेहरा असा उजळला, जणू थंडीच्या पहाटे एकदाची गाडी चालू झाली.

"शिकव मला," त्या म्हणाल्या.

मला भरून आलं. मी तिथेच बोलायला सुरुवात केली, की आपल्याकडे संगीत घराण्यांच्या कुलपात अडकलंय, ते कष्टकऱ्यांनी सोडवून आणलं पाहिजे, आणि बेस हाच खरा वाद्यांमधला कामगार, तो कोणाला दिसत नाही, पण थांबला तर सगळा डोलारा…

"ए पत्रकवाले," मावशी म्हणाल्या, "भाषण नंतर. आधी बोट कुठं ठेवायचं ते कळू दे."

तेव्हापासून मी पत्रकवाली. जोएल, जो त्यांच्या मुलीपेक्षाही लहान आहे, तो जोयल मास्तर. त्याने नवी गिटार घेतली होती, जुनी मावशींना दिली. सोबत छोटं स्पीकरचं खोकंही.

जोएल नाशिकरोडच्या चर्चमध्ये वाजवत शिकलेला. त्याची भाषा वेगळी. "मावशी, मेजर स्केल म्हणजे होल, होल, हाफ, होल, होल, होल, हाफ."

"हे काय, खो-खो?"

"होल म्हणजे गिटारच्या दांडीवरचा एक पडदा सोडून पुढच्यावर जायचं. हाफ म्हणजे लगेच शेजारच्या पडद्यावर."

मावशींनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाल्या, "म्हणजे जलद गाडी. मधले थांबे घेत नाय. फक्त दोन ठिकाणी जवळजवळ थांबते. पिंपळगाव-वडाळीभोई, आणि शेवटी सौंदाणे-मालेगाव."

मी म्हटलं, "मावशी, पिंपळगाव ते वडाळीभोई काही इतकं जवळ नाही."

"तू गाडीत झोपत असशील. तुला काय माहीत."

पंचमाचं तर त्यांना विशेष कौतुक. सा पासून खालच्या तारेवर यायचं, दोन पडदे पुढे, की पंचम. त्यांच्या नकाशात तिथे चांदवड येतं, आणि चांदवड तालुका म्हणजे त्यांचं माहेर. जोएलने सांगितलं, की बेसवाल्याला बऱ्याच गाण्यांत सा आणि पंचम एवढेच दोन स्वर आलटून पालटून पुरतात. मावशी खो खो हसल्या. "सासर आणि माहेर! बाईमाणसाला आणखी काय वेगळं असतंय?" यावर मला खूप काही बोलायचं होतं. मी बोललेही. त्या तोवर चारदा सासरी जाऊन आल्या.

अडचण दोन ठिकाणी होती. पहिली, त्यांचा सा हलत नसे. जोएलने परोपरीने समजावलं, की हा बोटांचा साचा आहे, तो उचलून कुठल्याही पडद्यावरून सुरू करता येतो. गाणाऱ्याची पट्टी काळी दोन असेल तर तिथून, पांढरी पाच असेल तर तिथून.

"नाय," मावशी म्हणाल्या. "माझी गाडी नाशिकहूनच सुटती. डेपो कधी हलतो का?"

शेवटी डेपो हलला नाही, आमचं पथक हललं. मावशी तालमीला बसल्या की सगळी गाणी पांढरी एकमध्ये. माझा आवाज त्या पट्टीत वरती फाटतो. अन्यायाविरुद्धच्या कडव्याला नेमका फाटतो. लोकांना वाटतं भावना अनावर झाल्या.

दुसरी अडचण गंधाराची. तिथे पोहोचता पोहोचता मावशींचं बोट हमखास एक पडदा अलीकडे पडे. जोएल कळवळून म्हणे, "मावशी, हा मायनर झाला. उदास होतं सगळं."

"उदास नाय रे. पिंपळगावला कांद्याचे टेम्पो आडवे लागलेत. गाडी अलीकडंच थांबवावी लागली."

पण हसून झालं की त्या पुन्हा नाशिकपासून सुरुवात करत. पुन्हा टेम्पो. पुन्हा नाशिक. एकदा मी कंटाळून म्हटलं, "मावशी, चाललंय ते छान आहे की. तुम्हाला कुठे परीक्षा द्यायचीय?"

"द्यायचीय," त्या म्हणाल्या. "मालेगावला एक माणूस हाय. त्याच्यासमोर सा ते सा, न चुकता."

तो माणूस म्हणजे रफीकभाई. मावशींच्या गाडीचे ड्रायव्हर. डेपोत दोघांची जोडी ठरलेलीच होती, रफीकभाईंच्या शेवटच्या ड्युटीपर्यंत. गाडी चालवताना ते सतत काहीतरी गुणगुणायचे. आता त्यांना ऐकू येईनासं होत चाललं होतं. लहानपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेलं, उरलेलं आयुष्य इंजिनाशेजारी. मावशी सहज सांगावं तसं म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात. जाडे सगळ्यात शेवटी. फोनवर माझं काय त्याला कळत नाय. नुसतं हो हो करतो. म्हटलं, जाडं जायच्या आत काहीतरी नेऊन ऐकवू."

म्हणून बेस. मग मी, सवयीने, म्हटलं की यावर लिहायला हवं, आजच्या विषारी वातावरणात हिंदू-मुस्लिम…

"रफीकवर पत्रक काढशील तर याद राख," मावशी म्हणाल्या. "तो माणूस हाय, मुद्दा नाय."

जायचा दिवस मी रविवार सुचवला. मावशींनी उडवून लावला. रविवारी मालेगावात यंत्रमाग चालू असतात, सगळी गल्ली थरथरते, त्यात जाडा आवाज कुठला ओळखू येणार? माग बंद असतात शुक्रवारी. जायचं तर शुक्रवारी, आणि नमाज झाल्यावर.

शुक्रवारी आम्ही तिघं निघालो. गाडीत मावशींनी गिटार खिडकीशी बसवली आणि स्वतः कडेला बसल्या. प्रत्येक गाव यायच्या आधी त्यांच्या तोंडून त्याचं नाव निघायचंच. उमराण्याला दोन माणसं त्यांच्या भरवशावर उठून उभी राहिली, तेव्हा कंडक्टर हात जोडून म्हणाला, "मावशी, ड्युटी माझी हाय हो."

"मग आवाज काढ की जरा," मावशी म्हणाल्या.

मालेगाव आलं तेव्हा मात्र त्यांनी ते पुकारलं नाही, आधी गिटार उतरवून घेतली. गल्लीत शांतता होती. माग बंद असलेल्या गल्लीत शिरताना मला वाटलं, कोणीतरी श्वास रोखून धरलाय.

रफीकभाई पुढच्या खोलीत लाकडी पलंगावर बसले होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा कुर्ता. त्यांची सून शबाना बारीक, उंच आवाजात त्यांच्या कानाशी ओरडली, "अब्बा, नाशिकवाली बाई आयी!" त्यांनी मान डोलावली. "चाय लेंगे?" मान डोलावली. "पंखा बंद करूँ?" मान डोलावली. "चालू रखूँ?" तीही डोलावली.

"सबको हाँ बोलते हैं," शबाना आम्हाला म्हणाली. "कान का मशीन लाये थे. दो दिन लगाया, फिर निकाल के रख दिया. बोले, इसमें सब एक साथ चिल्लाते हैं."

जोएलने स्पीकरचं खोकं पलंगावरच ठेवलं, रफीकभाईंच्या बाजूला, आणि त्यांचा तळवा खोक्याच्या फळीवर टेकवला. मावशी समोर स्टुलावर बसल्या. पदर खोचला. आवाज चढवून "नाशिक" म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते, पण त्यांनी तोंड उघडलं नाही.

सा आला. रे आला. गंधार एक पडदा अलीकडे पडला.

रफीकभाईंनी मान डोलावली.

मावशींनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. रफीकभाईंनी पुन्हा हसून मान डोलावली, चहाला डोलावली होती तशीच. मावशींचा चेहरा पडला. ते ऐकत होते की नुसतंच हो म्हणत होते, कळायला मार्ग नव्हता. भर यात्रेत दीडशे माणसांवर ओरडणाऱ्या त्या बाईने तारांवरून हात काढून मांडीवर ठेवला. आपण उशिरा पोहोचलो, असं मला वाटलं.

मग मावशी उठल्या. स्टूल उचललं, पलंगाला वळसा घातला आणि रफीकभाईंच्या पाठीमागे, जरा डावीकडे जाऊन बसल्या.

"समोरून नाय जमत," त्या मला हळूच म्हणाल्या. "आमचं समोरासमोर बसणं कधी झालंच नाय गं. तो रस्ता बघायचा. मी त्याची पाठ बघायची. त्या पाठीवरून मला कळायचं, आज डोकं दुखतंय का घरी भांडून आलाय."

त्यांनी सा छेडला. रफीकभाईंची पाठ किंचित सरळ झाली. रे. मग गंधार, आणि बोट पुन्हा अलीकडे पडलं.

रफीकभाईंनी मान हलवली. या वेळी डोलावली नाही, आडवी हलवली. स्पष्ट, ठाम. नाही.

शबाना दारातच थांबली. मावशींनी डोळे पुसले नाहीत, त्यांचे हात गुंतलेले होते. त्यांनी बोट एक पडदा पुढे सरकवलं आणि गंधार पुन्हा वाजवला, नीट, भरपूर. रफीकभाईंची मान हळूच खाली आली. हो. मग मध्यम, पंचम, धैवत, निषाद. फळीवरच्या तळव्याची बोटं एकेक करून उचलून टेकत होती. वरच्या सा पर्यंत त्या कुठेही थांबल्या नाहीत, आणि तो सा त्यांनी तार आपणहून गप्प होईपर्यंत वाजू दिला.

रफीकभाईंनी पाय वर घेतले आणि पलंगावर बसल्या जागी अख्खे मागे वळले. आता दोघं समोरासमोर. मावशींना कुठे बघावं कळेना. ते मात्र त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग स्वतःचाच आवाज चाचपडत मोठ्याने म्हणाले, "दुबली हो गयी बाई तुम. टाइम पे खाती नहीं क्या?"

मुलगी सुरतेला, नवरा कधीचा गेलेला. एकटीसाठी काय ताट वाढायचं म्हणून मावशी ओट्याशी उभ्यानेच दोन घास खातात, हे भिंतीपलीकडे राहणाऱ्या मलाही माहीत होतं. आजवर मी कधी विचारलं नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं.

मावशींनी मान डोलावली. हो, खाते.

"झूठ," रफीकभाई म्हणाले, आणि आत हाक मारली, "शबाना, बाई की थाली इधर लगा. मेरे सामने."