पहाटेची शुद्ध हवा

"मावशी, उद्या पाहाटे पाचले मोजतो. आकडा असा येईन, का इवाई तोंडात बोट घालतीन!" ओमेशने छातीठोकपणे सांगितलं.

प्रसंग गंभीर होता. कुंदाबाईंच्या चेतनाला सातवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण बोदलकशाजवळच्या त्यांच्या गावात कुणीतरी युरेनियमच्या शोधात टेकडीवर भोकं पाडून गेलं आणि हवेत किरणोत्सर्ग असल्याची आवई उठली. फुलचूरच्या टेकचंद इवायांनी, म्हणजे चेतनाच्या सासऱ्यांनी, सुनेला पाठवायला साफ नकार दिला. कुंदाबाईंनी ओमेशला बोलावून घेतलं.

ओमेश त्यांच्या बहिणीचा मुलगा, प्रयोगशाळेत नवाच लागलेला. हवा ओढून किरणोत्सर्ग मोजणारं सुटसुटीत यंत्र त्याच्या ताब्यात होतं, आणि वेळ निवडायची मुभाही. पहाटेची हवा सर्वांत शुद्ध, हे का कुणाला शिकवावं लागतं!

पहाटे टेकचंद जातीने हजर झाले. यंत्र घरघरलं, आकडा चढला, चढतच गेला!

"चेतना नाई येत आता," टेकचंद म्हणाले.

ओमेशने प्रयोगशाळेतल्या साहेबांना फोन लावला.

"अरे शहाण्या, जमिनीतून रेडॉन वायू सगळीकडेच निघतो! पहाटे वारा पडलेला असतो, म्हणून तो खालीच साचतो. ऊन चढलं की पांगतो. हा आकडा धोक्याचा नाही. दुपारी मोज!"

दुपारी आकडा पार खाली आला. पण टेकचंद ऐकतील तर शपथ!

"दुपारचे बहाने नोको सांगू मले! आमच्या घरी मोज. पाहाटंच!"

फुलचूरचं घर नवंकोरं, सिमेंटचं, डासांपायी खिडक्या घट्ट बंद. तिथे आकडा कुंदाबाईंकडच्या दीडपट! ओमेश पोटतिडकीने सांगत राहिला, "काका, भिऊ नका, खिडक्या उघडल्या का—" पण ऐकायला होतं कोण? आत बॅगा भरणं सुरू झालं होतं.

संध्याकाळी चेतना माहेरी आली. कुंदाबाईंनी तिला पोटाशी धरलं आणि भडभडून रडल्या. तोवर गाडीतून टेकचंद उतरले, मग सासू, आजेसासू, दोन दीर आणि कुकर.

"बारंतपन होयेवरी आमी अठीच रायतो," टेकचंद म्हणाले. "तुमची हवा बरी हाय."

पाचव्या दिवशी कुंदाबाईंनी ओमेशला गोठ्याआड ओढलं.

"पोरगी राहू दे, बापा. पन इवायाच्या घरी आता एकदा दुपारी मोज ना!"