अंगठ्याएवढे सासरे

अंगठ्याएवढी माणसं रंगवावीत तर मीच, असं माझं प्रामाणिक मत आहे. बायको म्हणते, एवढं लक्ष घरात घातलंस तर स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबेल. पण तो विषय वेगळा.

तर झालं असं, की माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान महिनाअखेर बंद करायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे सासूबाईंनी ठरवून घेतलं. तीन वर्षं त्या मागे लागल्या होत्या. "दिवसभर माश्या मारत बसता, त्यापेक्षा चार गावं फिरू." निरोपाची भेट मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकली: टेबलाशी वाकून बसलेल्या सासऱ्यांचा चिमुकला पुतळा! लग्नाला अकरा वर्षं झाली, पण या माणसानं माझ्या एकाही कामाला 'छान' म्हटलेलं नाही. 'ठीक आहे'च्या पुढे गाडी जातच नाही. तेवढा एक शब्द मला हवा होता.

रंगवून झाल्यावर पुतळा आमच्या मंडळात नेला. मंडळ म्हणजे दंतवैद्य, शिंपीकाका, चित्रकलेच्या निवृत्त बाई आणि मी. दर रविवारी दंतवैद्यांच्या दवाखान्यात जमतो, कारण तिथला दिवा झकास आहे. नियम एकच. ज्याचा पुतळा त्यानं सूचना ऐकताना तोंड उघडायचं नाही. हा नियम दंतवैद्यांनी केला, याचं मला अजून नवल वाटतं.

"डावा डोळा बारीक झालाय," दंतवैद्य म्हणाले.

"उजवा खांदा पडलाय. असा कोट मी शिवला तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढणार नाही," शिंपीकाका म्हणाले.

"आणि नाकावर हा खड्डा कसला?" बाईंनी विचारलं. "बुजवून टाका."

मी घरी जाऊन डोळा उघडला, खांदा उचलला, खड्डा बुजवला. बायकोनं पुतळा फिरवून फिरवून पाहिला.

"सुंदर झालाय," ती म्हणाली. "कोण आहे हा?"

पुढच्या रविवारी मी मंडळात सगळं सांगून टाकलं.

"खरा माणूस आहे होय? अहो, मग आधी नाही का सांगायचं?" बाई म्हणाल्या.

"बोलायची बंदी कुणाची?"

तिघं जरा वरमले. मग दंतवैद्यांचे डोळे चमकले. "मूळ माणूस पाहिल्याशिवाय काय सांगणार? पत्ता द्या."

त्या आठवड्यात तिघंही आपापली धडधडीत चालू घड्याळं घेऊन दुकानात जाऊन आले. बाई तर तीनदा गेल्या. आणि काय बारकावे आणले! डोळा भिंग धरून धरून बारीक झालाय. खांदा टेबल बुटकं म्हणून उतरलाय. नाकावरचा खड्डा चष्म्याचा. अकरा वर्षं ज्या माणसासमोर जेवायला बसलो, त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट समजून घेत होतो. मी सगळं पुन्हा रंगवलं. या वेळी बायकोनं बघितलं आणि एकच शब्द म्हणाली, "बाबा."

महिनाअखेर आम्ही पुतळा घेऊन सासरी गेलो. सासऱ्यांनी भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिले.

"छान," ते म्हणाले.

खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

"काउंटरवरच ठेवतो," ते पुढे म्हणाले.

"कुठल्या काउंटरवर?" सासूबाईंनी विचारलं.

"दुकानाच्या. अगं, बंद कसं करू? परवापरवापर्यंत कुत्रं फिरकत नव्हतं, आणि आता एक बाई आठवड्यात तीनदा येतात. घड्याळांत दोष काही सापडत नाही, म्हणजे बिघाड नक्कीच नाजूक असणार. आणि माझ्याकडे कसे विश्वासानं टक लावून बघतात सगळे!"

सासूबाईंनी भरलेल्या बॅगेकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"आणि जावईबापू," सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "बारीक कामाला तुमचा हात चांगलाय. उद्यापासून ऑफिस सुटलं की दुकानात या. एवढी गर्दी मला एकट्याला आवरायची नाही."

सध्या मी रोज संध्याकाळी दोन तास दंतवैद्यांचं चालू घड्याळ दुरुस्त करतो. काल ते बंद पडलं.