मुदपाकखान्याची मोरी तुंबली त्याची हकीकत

॥ श्री ॥ वाहते ते वाहते राहो, तुंबले ते मोकळे होवो, आणि ऐकणारांचे घरचे नळ न गळोत, ऐसे चिंतून लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी, वार गुरुवार, ते दिवशी मुदपाकखान्याचे मोरीत पाणी चढले, त्याचे वर्तमान ऐसे जे, एक राज्य होते. नाव लिहिण्याची सोय नाही, ज्याचे त्याणे आपले घर ओळखावे. राज्यावर आईसाहेब होत्या, वयाने सत्तरीपुढे, नजर तिखट, गुडघे तेवढे कुरकुरत. अन्नाची नासाडी त्यांचे डोळ्यांत सले. म्हणोन त्यांणी कायदा केला होता जे, राज्यात कोणी ताटात शीत टाकू नये, टाकील त्यास बायकोमुलांसुद्धा शिवेपार करावे. आणि रोज दुपारी कचऱ्याची टोपली वरच्या महाली न्यावी, ती आईसाहेबांनी जातीने झाकण उघडून पाहावी. टोपलीत भाजीची देठे निघत, कांद्याची साले निघत, अन्नाचा कण म्हणाल तर नाही. मग आईसाहेब प्रसन्न होऊन म्हणत, आमचे राज्यात अन्नास मान आहे. आता माणसाचे पोट ते पोट, रोज मापात कैसे राहावे? पण टोपली तपासली जाते, मोरी कोण तपासतो? तेव्हां उरला भात मोरीत, उरली आमटी मोरीत, पातेल्याचे बुडाचे तूप मोरीत, आणि वर तांब्याभर पाणी ओतिले की राज्य चकचकीत. मोरीवरची जाळी शिते अडवू लागली, तर जाळीच उचलून फडताळावर ठेविली. हे खालपासून वरपर्यंत सर्वांस ठाऊक होते आणि कोणी ब्र काढीत नव्हते.

मुदपाकखान्याचे कारभारी रायाजीपंत. माणूस भला, हाताला चव, पण स्वभाव असा भित्रा की मांजर शिंकले तरी हे हात जोडीत. टोपली सदा कोरी म्हणोन आईसाहेबांची त्यांजवर मर्जी बसली होती आणि ठरले होते जे, द्वादशीचे पारणे सुटतेसमयी भर पंगतीत पंतांस मानाची वस्त्रे द्यावी आणि कारभार कायमचा करून द्यावा. त्या आनंदात पंत पहाटेपासून पुरण शिजवीत होते, तों पायास ओले लागले. खाली पाहतात तो मोरीतून पाणी वर येते आहे आणि त्यावर परवाचा, तेरवाचा आणि देव जाणे कधीचा भात तरंगतो आहे. पंतांची पाचावर धारण बसली. थोड्या वेळाने आईसाहेब पारण्यास खाली उतरणार, शेजारीच पंगत, आणि ही शिते दृष्टीस पडली तर वस्त्रे राहिली बाजूस, अंगावरच्या वस्त्रानिशी शीव ओलांडावी लागणार. पंत भात ओंजळीने भरून कोठे लपवावा हे शोधीत फिरू लागले, आणि ओंजळीतले पाणी पुरणात पडू लागले.

तेव्हां त्यांचे कुटुंब म्हाळसाबाई, मोठी खमकी, पदर खोचून पुढे जाहली आणि म्हणाली, "अहो, आधी पाणी बंद करा, मग घाबरा." मग मुख्य नळाची चावी शोधिली. ती पिठाचे कोठीमागे सापडली. वर्षानुवर्षे कोणी फिरविली नव्हती, ती जागची हालेना. मग गोडे तेल सोडिले, फडके गुंडाळिले, तेव्हां कुरकुर करीत एकदाची बंद जाहली आणि सर्व नळ कोरडे पडले. पंतांनी सुटकेचा श्वास टाकिला. पण पाणी थांबेना. नळ बंद, चावी बंद, आणि मोरी आपली चढतेच आहे. पंतांनी एक एक तोटी पुन्हा उघडून पाहिली, पुन्हा बंद केली, आणि पाणी येते तरी कोठून हे त्यांस उमजेना. डोके चालेना म्हणोन नळकामाचे सरदार भिवाजी यांस बोलाविले.

भिवाजी पिशवी घेऊन आले, मोरीकडे पाहून मान हालविली आणि सर्व नळांचे वायसर बदलिले. नळ एकही गळत नव्हता. परंतु पिशवीत वायसरच होते. मग पांढरी टेप काढून दिसेल त्या आट्यास गुंडाळिली. मग मोरीखालचे वळण खोलिले, खाली बादली ठेवायची राहिली, आणि आत साठले होते ते सर्व सरदारांचे पायांवर आले. मग सोडा टाकून वर कढत पाणी ओतिले. हा उपाय चांगलाच, पण आठवड्याचे आठवड्यास करावा तेव्हां, नाकातोंडाशी आल्यावर त्याचा काय उपयोग? कोणी म्हणाले ॲसिड ओता, त्यास म्हाळसाबाईने दटाविले जे, नळी आजेसासऱ्यांचे वेळची आहे, ती जाईल आणि तुझा पायही जाईल. कोणी म्हणाले शत्रूने भुयारातून पाणी सोडिले, म्हणोन दोन शिपाई भाले घेऊन मोरीशी उभे केले. पंत तर पाण्याकडे टक लावून बसले होते. त्यांणी बोट बुडविले आणि अधिकच भ्रमले. पाणी कोमट होते. हुंगून पाहिले, तो शिकेकाईचा वास. बंद नळाच्या मोरीतून न्हाणीचे कोमट पाणी वर येते, हा काय चमत्कार? पंत म्हणाले, म्हाळसे, ही करणी आहे, आणि ती म्हणाली, करणी खरी, पण कोणाची ते ध्यानात येत नाही.

इतक्यात भिवाजीस हुरूप आला. त्यांणी रबरी पंप मोरीवर बसविला, शिपायांस भाले टाकावयास लाविले, आणि तिघांनी मिळून दणादण दाबण्यास सुरुवात केली. एकदा दाबिले, पुन्हा दाबिले, आणि वरच्या महालातून आरोळी आली. मागोमाग जिन्यावर पावले वाजली आणि साक्षात आईसाहेब, ओल्या केसांस पंचा गुंडाळिलेला, गुडघा धरीत धरीत खाली आल्या. म्हणाल्या, आम्ही न्हातो आहो आणि आमची मोरी खालून ढेकर देते, तोंडावर उडते, हे कोण ढकलिते? पंत उठून उभे राहिले आणि भाताचे पुढे आडवे जाहले. परंतु भात पुष्कळ आणि पंत किरकोळ, काय झाकणार? आईसाहेबांनी एकवार भात पाहिला, एकवार पंत पाहिले. मग सर्वांचे ध्यानात आले ते ऐसे जे, वरच्या न्हाणीस गच्चीवरच्या टाकीचे पाणी, त्याची चावी निराळी. आणि वरची मोरी व खालची मोरी पुढे जाऊन एकाच नळीस मिळतात. ती नळी पुढे बुजली, सबब वर ओतिले की खाली वर येते. एकादशीनंतरची न्हाणी, सारा महाल न्हात होता. आईसाहेबांनी आज्ञा केली जे, वरची न्हाणी थांबवा आणि मागील अंगणातले झाकण उघडा.

मग पहारीने झाकण उचलिले आणि बांबूची लांब कामटी आत सारिली, आणि सर्व राज्य नाकास पदर लावून भोवती उभे राहिले. पहिल्याने तूप आले, थंडीने थिजून साबणाचे वडीसारखे. त्यामागे भात, शेवया, चहाचा चोथा, आमटीतली आमसुले. एक एक वस्तू बाहेर येई आणि पंत मनात एक एक पाऊल शिवेकडे टाकीत. त्यांस म्हाळसाबाईचा चुलीपुढचा चेहरा दिसे, परक्या गावची धर्मशाळा दिसे, आणि रडू येई. शेवटी कामटी अडली. भिवाजींनी जोर केला, तो काळपट लगदा भसकन बाहेर आला, त्यात बदामाचे तुकडे आणि मेथीचा वास असा की लपेना. सर्वांनी तो वास ओळखिला. कारण मेथीचे लाडू वैद्यांनी आईसाहेबांचे गुडघ्यांसाठी सांगितले होते, आणि राज्यात ते दुसऱ्या कोणास मिळत नव्हते. नळी मोकळी होऊन पाणी खळखळ वाहू लागले, पण तिकडे कोणाचे लक्ष नाही. कोणी आकाश पाहतो, कोणी आपली नखे. पंतांस तर कळेना, आता शिवेपार कोणी जावे? घाबरून त्यांणी हात जोडिले आणि त त प प करीत म्हणाले, "हेही आमचेच, आईसाहेब."

आईसाहेब पुढे होऊन त्या लगद्यापाशी आल्या. मग म्हणाल्या, "खोटे बोलू नको, रायाजी. लाडू फार कडू होते."

इतके बोलून त्या वर गेल्या. शिक्षा जाहली की माफी, कोणी सांगेना, विचारावयास कोणी धजेना. पंतांनी चुकत माकत स्वयंपाक उरकिला, पंगत उशिरा बसली. आईसाहेब पाटावर आल्या, पारणे सोडिले, जेवू लागल्या, आणि अर्धी पुरणपोळी ताटात ठेवून थांबल्या. त्या थांबल्या तशी सारी पंगत थांबली. ताटात अन्न, आणि ते आईसाहेबांचे ताटात! वाढपी वाटी धरून उभा, कोणी घास गिळीना, सर्वांची दृष्टी पंतांकडे. पंत पुढे जाहले. पोळी बिघडली असेल, ओंजळीतले पाणी पुरणात पडले ते बाधले असेल, ऐसे त्यांचे मनात आले, आणि त्यांणी विचारिले, काही चुकले काय?

आईसाहेब म्हणाल्या, "काही नाही. पोट भरले." राज्यात इतक्या वर्षांत हा शब्द कोणी मोठ्याने बोलिला नव्हता. पंत ताट उचलावयास वाकले, ते तसेच बसून ढसढसा रडले.

येणेप्रमाणे कायदा त्याच पंगतीत उठला आणि जाळी फडताळावरून मोरीवर आली. तूप कागदाने पुसून टोपलीत जाऊ लागले, चाव्या अमावास्येस फिरविल्या जातात. टोपली आता भरून निघते. वस्त्रे पंतांस मिळाली. ती कशाबद्दल, हे त्यांस अद्याप समजले नाही. इति हकीकत समाप्त, वाचणाऱ्याने आपली मोरी पाहावी.