घोड्याला लागली हळद

जी बाई बाळाच्या दुपट्यावरचा आमरसाचा डाग काढते, तिला बंदुकीचा गंज काय जड! असं मी सासऱ्यांना छातीठोकपणे सांगितलं, तिथंच माझी साडेसाती सुरू झाली.

बंदूक म्हणजे बाबांची, माझ्या सासऱ्यांची, जुनी छर्‍याची रायफल. गोडदेव गावात आमची भातशेती होती, तेव्हा बाबा तिनं पाखरं हाकलायचे. शेताच्या जागी आता आमचीच बिल्डिंग आहे, आणि हाकलायला फक्त कबुतरं उरलीत. तरी दर खंडेनवमीला ती पाटावर बसते, विळ्याकोयत्याच्या शेजारी, मानानं. यंदा मात्र आदल्या दिवशी तिचा रंग पाहून बाबांनी ती गुंडाळूनच ठेवली.

"गंजलेला हत्यार पुजाचा नसतं," म्हणाले. "माझं हात थरथरतान, घासनार कोन? दे भंगारवाल्याला."

एवढं बोलून ते गॅलरीत जाऊन बसले. पाठमोरे. मी, दिव्या, सून असताना ही बंदूक भंगारात जाणं शक्यच नव्हतं!

लेक चांदणी दुपारी झोपली, तशी मी कामाला लागले. स्क्रू काढले, लोखंडी भाग चायनीजसाठी आणलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवले आणि तारेच्या घासणीनं असे घासले, की गंजाबरोबर वरची काळी झिलईही गेली. बंदूक नव्या उलथन्यासारखी चकाकायला लागली. मला वाटलं, वा!

तेवढ्यात चांदणी उठली. पाठोपाठ शेजारच्या हेमालीबेनचा लेक खेळायला येऊन गेला. मी भाग पुसून मोजते, तर घोडा नाही! घोडा म्हणजे बंदुकीचा, बोटानं दाबतात तो.

नवऱ्याला फोन केला. भूपेश मीटिंगमध्ये होता. घोडा हरवला म्हटल्यावर, येताना दुसरा आणतो, चावीचा आणू का, एवढं विचारून त्यानं फोन ठेवला. मग मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'आमच्या घरचा घोडा हरवला आहे. कुणाच्या मुलानं नेला असल्यास गुपचूप आणून द्यावा. बाबांना कळू देऊ नये.'

पहिल्या आल्या हेमालीबेन, मुलाचा प्लास्टिकचा घोडा घेऊन. शिवाय कानाला धरून मुलालाही. त्यांच्या मागोमाग सेक्रेटरी जितेंद्रभाई, घामाघूम.

"भाभी," ते कुजबुजले, "घर में घोडा रखती हो? कट्टा है के पिस्तौल?"

गुंडांच्या भाषेत पिस्तुलाला घोडा म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. दार नेमकं बाबांनी उघडलं होतं. त्यांनी एकदा जितेंद्रभाईंकडे पाहिलं, एकदा प्लास्टिकच्या घोड्याकडे, आणि मग माझ्या व्हिनेगरनं पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गंजलेली का होईना, सकाळी बंदूक अख्खी तरी होती.

"चांदने," बाबांनी हाक मारली, "घोरा खं हाय गो?"

चांदणीनं ओठांवर बोट ठेवलं. सबंध दुपार तिनं माझ्या तोंडून घोडा, घोडा एवढंच ऐकलं होतं. कोपऱ्यात तिचा कापडी घोडा नॅपकिन पांघरून झोपला होता. त्याच्या कुशीत बंदुकीचा.

"घोला जोजो," ती म्हणाली.

बाबा सांगत गेले, मी स्क्रू पिळत गेले. संध्याकाळी बंदूक उभी राहिली, चमचम करत. मी निर्धास्त झोपले.

सकाळी खंडेनवमीचा पाट मांडायला गेले, तर नळीपासून घोड्यापर्यंत सगळं केशरी! व्हिनेगर साध्या पाण्यानं धुवायचं असतं, कोरडं करून तेल लावायचं असतं, हे मला कोण सांगणार? मी बंदूक पदराआड लपवायला लागले. पण बंदूक ती, पदरात मावते थोडीच!

बाबांनी ती हातात घेतली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"हलद लावलीस गो नवरीला," म्हणाले. "आता भंगारात कशी द्याची? लगीन लावाला नको?"

त्यांनी चांदणीच्या मालिशचं खोबरेल मागवलं, फडक्यावर घेतलं आणि फडकं नळीवर टेकवलं. थरथरणारा हात आपोआप पुढेमागे व्हायला लागला. गंज उतरायला लागला. तासाभरात बंदूक पाटावर बसली, अंगाला बाळाचा वास घेऊन.

"बघ," बाबा मला म्हणाले, "माझा हात फुकट न्हाय."

तेव्हापासून आमच्या घरातलं सगळं गंजलेलं लोखंड बाबांकडे जातं. माझ्याकडे फक्त दुपटी येतात. बाबा फडकी म्हणून तीच घेतात, त्यामुळे त्यांवर आता खोबरेलाचे डाग असतात, आणि खरं सांगू? ते माझ्याच्यानं निघत नाहीत.