भोयरकाकांचा लाल नाडा

भोयरकाका उजव्या पायाला, गुडघ्याच्या चार बोटं खाली, पँटवरून लाल नाडा बांधतात. परकराचा नाडा. तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की आठवडाभर नाड्याकडे बघतो, मग हळूच मला, काकांच्या शेजारणीला, विचारतो, काकांना नसेचा त्रास आहे का? मी सांगते, मक्याचं माप आहे.

काका पाटबंधारे ऑफिसातून रिटायर झाले आणि बीरगावच्या पलीकडच्या शेतावर चार गाई घेऊन बसले. मका लावतात, दाणा भरला की हिरवाच कापून त्याची कुट्टी खड्ड्यात दाबतात, मुरघास करतात. इथवर माणूस शहाणा आहे. पण सगळं जग मका जमिनीलगत कापतं आणि काका गुडघ्यापाशी. दोन वर्षांपूर्वी काकूंना लकवा झाला, त्याच सुमारास हे सुरू झालं. काकांच्या डोक्यावर परिणाम झाला, असं गल्लीचं मत पडलं.

"बुडखा म्हणजे नुसतं लाकूड, पोरी," काका समजावतात. "गाय चावून चावून थकते, अंगी काई लागत नाही. ताकद वर, कणसात. बुडखा जमिनीचा, तिले देऊन टाकाचा."

वरून कापलं की चारा कमी भरतो, हे त्यांना मान्य आहे. चैतात खड्डा रिकामा होतो, मग भाताचं तणस आणतात आणि गाईंची माफी मागतात. कापणीला ते ओळीच्या टोकाशी उभे राहतात आणि शेतावरचा गडी संतराम नाड्याच्या उंचीला विळा चालवतो. गुडघा वाकते, नाडा वाकत नाही, असं त्यामागचं शास्त्र. आधा चारा तो खेत मा छूट जाही कका, अर्धा चारा शेतातच राहणार, असं संतराम दरवर्षी म्हणतो. काका म्हणतात, छूटन दे. लग्नाकार्यातही नाडा सुटत नाही. बाजारात तर ते मेथीची जुडी मधोमध मोडून बघतात, म्हणून भाजीवाली त्यांना पाहिलं की जुड्या पोत्याखाली सारते.

यंदा ऐन कापणीत काकू तापाने पडल्या. ताप गेला, पण त्या घास घेईनात. दोन दिवसांत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालू, असं डॉक्टर सांगून गेले. लकव्यापासून काकूंचं बोलणं जवळजवळ बंदच, तरी नळीचं ऐकून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि काका सकाळीच शेतावर गेले. मका थांबत नाही म्हणे. मला संताप आला. रजा टाकून मीच काकूंपाशी बसले.

मी लाल भाजी, म्हणजे लाल माठ, केली, त्यांच्या आवडीची, मऊ शिजवून. काकूंनी पहिला घास जिभेने बाहेर ढकलला. दुसराही. माझ्या हातच्या भाजीला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही.

दुपारी काका आले, अंगभर कुट्टीचा भुसा. ताटाकडे पाहिलं, हातपाय धुतले आणि उरलेली जुडी घेऊन जमिनीवर बसले. प्रत्येक काडीचं शेंड्याचं पान तेवढं खुडलं, बाकी सगळं बाजूला. ढीग बघून मला राहवेना. म्हटलं, काका, घरातही मका कापून राहिले का?

"उलटं हाय, पोरी," ते मान वर न करता म्हणाले. "दवाखान्यातून आणली तवा ही भाजीचे दांडे ओठाबाहेर सोडे. मी रोज थोडं वरून खुडत गेलो. जिथून ही गिळाले लागली तिथून माप घेतलं. मंग गोठ्यात पाहिलं, तर गाईबी गव्हाणीत बुडखेच सोडत होत्या. इतकी वर्षं मले दिसलंच नाही. तवा मक्यालेबी तसंच माप बांधलं."

भाजी शिजली, घोटली. काका पलंगाच्या कडेला बसले, चमचा पुढे केला. काकूंनी घास बराच वेळ तोंडात धरला. मग त्यांचा गळा हलला.

पाय वर घेऊन बसताना काकांचा नाडा घसरून घोट्याशी आला होता. काकूंनी लकव्यातून वाचलेला हात लांबवला, नाड्यात बोट अडकवलं आणि तो ओढला.

"वर," काकू म्हणाल्या.

काकांनी नाडा सरकवून जागेवर नेला, आणि दुसरा चमचा भरला.